पाण्याची कावड डोंगर कशी चढते?

सातारा जिल्ह्याचा माण तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच तालुक्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सुमारे हजार मीटर उंचीच्या डोंगरावर शिखर शिंगणापूर वसलं आहे. शंभू महादेवाचं हे ठाणं. चैत्रात, म्हणजे विहिरींनी तळ गाठलेला असतो नेमक्या त्या दिवसांत, इथे लाखोंची यात्रा भरते. आणि या यात्रेचा कळस असतो तो पाण्याचा. सासवडहून, पुरंदरच्या गावागावांतून कऱ्हेचं पाणी कावडीत भरून भाविक शंभरेक किलोमीटर चालत येतात आणि द्वादशीला त्या पाण्याने महादेवाला अभिषेक होतो.

वर जायला चांगला गाडीरस्ता आहे. तरीही मानाच्या कावडी त्या रस्त्याने जात नाहीत. कोथळे गावाच्या बाजूने, मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने त्या वर येतात.

पाहणाऱ्याला तीन प्रश्न पडतात. हा डोंगर इतका कोरडा का? यात्रा नेमकी टंचाईच्या महिन्यात का? आणि एवढा जड, लांबलचक भार त्या कड्यावरून वर जातो तरी कसा? उत्तरं शोधायला लागलं की पाऊस, पंचांग, साधं भौतिकशास्त्र आणि गावगाड्याची रीत एकमेकांत गुंतलेली दिसतात.

भोसल्यांचं कुलदैवत

महाबळेश्वरच्या बाजूने सह्याद्रीची एक रांग फुटून पूर्वेकडे, आग्नेयेकडे जाते. तिला शंभू महादेवाची रांग म्हणतात. तिच्या एका उंच टोकावर हे गाव आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने ते वसवलं, अशी परंपरा सांगते. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. एक शिवाचं, दुसरं पार्वतीचं मानतात. जवळच बळी महादेवाचं जुनं देऊळ आहे.

शिंगणापूरचा महादेव हे भोसले घराण्याचं कुलदैवत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इ.स. १६०० च्या सुमारास इथे मोठा तलाव बांधून घेतला. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात, हे त्यामागचं साधं कारण. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या दैवतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि भोसले घराण्याची मुळं व शंभू महादेवाची स्थापना यांचा धागा दक्षिणेकडे, कर्नाटक आणि श्रीशैलाच्या दिशेने जोडून दाखवला. म्हणजे हा डोंगर माणदेशातला, माण आणि भोवतालच्या कोरड्या मुलखातला, असला तरी त्याचं गोत फार दूरवर पसरलेलं आहे.

यात्रेचा क्रम लग्नघरासारखा आहे. चैत्र शुद्ध पंचमीला देवाला हळद लागते. अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न लागतं. शंभू महादेवाच्या शिखरापासून बळी महादेवाच्या शिखरापर्यंत लांबच लांब ध्वज बांधला जातो. द्वादशीला मुंगी घाटातून कावडी येतात आणि पौर्णिमेपर्यंत डोंगर माणसांनी फुललेला असतो.

शंभर किलोमीटरमध्ये पाऊस जातो कुठे?

महाबळेश्वर आणि शिंगणापूर, दोन्ही ठिकाणं सातारा जिल्ह्यातच. दोन्ही डोंगरावर. सरळ रेषेत त्यांच्यातलं अंतर सुमारे शंभर किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. एकाच जिल्ह्यात बारा पटींचा फरक!

याचं कारण सह्याद्रीच्या भिंतीत आहे. जूनमध्ये अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेला वारा येतो. सह्याद्री आडवा आला की त्याला वर चढावं लागतं. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. थंड हवेत तेवढं बाष्प मावत नाही. त्याचे थेंब होतात, ढग भरतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात.

माथा ओलांडून हवा पूर्वेकडे उतरू लागते तेव्हा सगळं उलटं घडतं. खाली येताना ती दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा शंभर मीटर उतरली की साधारण एका अंशाने तापते. तापलेल्या हवेत बाष्प मावायला जागा वाढते, त्यामुळे ढग विरतात. बरंचसं पाणी तर आधीच घाटमाथ्यावर सांडलेलं असतं. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. साताऱ्यातले माण आणि खटाव, सांगलीतले आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ हे तालुके याच छायेत येतात.

पण शिंगणापूरही उंचावरच आहे, मग तिथे वारा पुन्हा वर चढून पाऊस का पाडत नाही? थोडाफार पाडतोही. पण शंभू महादेवाची रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेली आहे. सह्याद्रीसारखी ती वाऱ्याला छाती देऊन उभी नाही. वारा तिच्या कडेकडेने निघून जातो. शिवाय तो तिथे पोचतो तेव्हा त्याच्याकडे देण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

माथ्यावर पाणी टिकत का नाही?

पडलेला पाऊस तरी साठावा, तर तेही होत नाही. हा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेल्या काळ्या दगडाचा, बेसाल्टचा आहे. घट्ट बेसाल्टच्या पोटात पाणी मुरत नाही. ते मुरतं फक्त भेगांत आणि झिजून मुरूम झालेल्या थरांत. डोंगरमाथ्यावर असा थर पातळ असतो.

दुसरी अडचण उंचीची. खालच्या गावाला आजूबाजूच्या उतारांचं पाणी मिळतं. माथ्यावरच्या गावाला वरून पाणी देणारं कुणी नसतं. जे पडेल तेवढंच त्याचं, आणि तेही लगेच उताराला लागतं.

मालोजीराजांचा तलाव इथे महत्त्वाचा ठरतो. वाहून जाणारं पाणी माथ्यावरच अडवायचं, हा त्यामागचा विचार. पण उघड्या तलावालाही एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. माणदेशाच्या कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला सात-आठ मिलिमीटर उतरू शकते. म्हणजे कुणी घोटभर पाणी न वापरताही महिन्याला वीतभर पाणी नाहीसं होतं. दिवाळीत भरलेला तलाव चैत्रात खपाटीला जातो तो असा.

अशा डोंगरावर देवाला सोनंनाणं वाहणाऱ्यापेक्षा पाणी आणणारा मोठा ठरावा, हे त्या भूगोलाला धरूनच आहे.

चैत्रच का?

मग यात्रा श्रावणात का नाही? तेव्हा डोंगर हिरवा असतो, तलाव भरू लागलेला असतो.

याचं एक उत्तर शेतात आहे. माणदेशाचा मुख्य आधार रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. ती फाल्गुनापर्यंत काढून, मळून घरात येते. चैत्रात शेतकरी मोकळा असतो, बैल मोकळे असतात, घरात धान्य असतं आणि पुढच्या पेरणीला अवकाश असतो. चालत जायला, आठ-दहा दिवस घराबाहेर राहायला वर्षात याहून सोयीचा काळ नाही. याच हिशेबाने या मुलखातल्या यात्रा आणि जनावरांचे बाजार एकमेकांना धरून वाढले. आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, तो याच रीतीचा.

दुसरं उत्तर आकाशात आहे. यात्रा शुद्ध पक्षात आहे, म्हणजे चंद्र रोज वाढत असतो. चंद्र दररोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि पौर्णिमेला सूर्य मावळताना वर येतो. म्हणून पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, द्वादशीला, तो सूर्यास्ताच्या दोन-अडीच तास आधीच उगवलेला असतो. संध्याकाळी कावडी घाटाला लागतात तेव्हा तो आकाशात चांगला वर आलेला असतो आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत मावळत नाही. विजेचे दिवे येण्याआधी अवघड घाट चढायला याहून चांगली रात्र सापडणं कठीण.

आता एक शंका. आपले महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं, आणि ऋतू फिरतात ते सूर्याच्या ३६५ दिवसांवर. दरवर्षी अकरा दिवसांची ही तूट तशीच वाढू दिली, तर काही वर्षांत चैत्र पावसाळ्यात येईल आणि शाळूच्या सुगीशी जुळलेली यात्रा विस्कटून जाईल. तसं होऊ नये म्हणून पंचांगात साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालतात. त्यामुळे चैत्र शुद्ध द्वादशी मार्चअखेर ते एप्रिलअखेर या पट्ट्याबाहेर जात नाही.

अधिक मास नसता तर काय झालं असतं, याची कल्पना जगाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहून येते. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात डोंगराळ भागात माया वंशाचे लोक राहतात. तिथल्या मोमोस्तेनांगो या दोन हजार मीटरहून उंच गावात किचे माया लोक आजही २६० दिवसांची पवित्र कालगणना पाळतात. तेरा अंक आणि वीस दिवसनावं यांच्या जोडीतून ती बनते. त्या गणनेतल्या एका ठरलेल्या दिवशी तिथे डोंगरावरच्या पूजास्थानी मोठा उत्सव होतो. तो दर २६० दिवसांनी येत असल्याने कधी कोरड्या ऋतूत येतो, कधी पावसाळ्यात. त्यांनी दिवसांच्या चक्राशी इमान राखलं, ऋतूशी नाही. शिंगणापूरच्या यात्रेने चंद्र आणि ऋतू दोन्ही सांभाळले.

मुंगी घाट: भार चढतो, माणसं जागेवर

आता यात्रेतल्या सगळ्यात थरारक भागाकडे येऊ. कावड म्हणजे आडवा मजबूत बांबू आणि त्याला दोन बाजूंना बांधलेले तांब्याचे रांजण. रांजण कापडाने घट्ट बांधलेले असतात, वर ध्वज असतो. सासवडच्या संत भुतोजी तेली यांच्या कावडीला मोठा मान आहे. तिच्यासोबत गावोगावच्या आणखी कावडी असतात.

सपाट रस्त्यावर कावड वाहणं त्यामानाने सोपं. दोन बाजूंचं वजन सारखं असतं, भार थेट खांद्यावर आणि पायांतून जमिनीत उतरतो. घाटात मात्र तीन अडचणी एकदम येतात. कावड लांब असल्याने उभ्या चढणीवर तिचं एक टोक दगडाला घासतं आणि दुसरं हवेत राहतं. पाणी हलतं, त्यामुळे वजनाचा तोल सतत बदलतो. आणि पायाखाली दिवसभर तापलेला, झिजलेला, घसरडा दगड असतो.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. सपाटीवर ते जाणवत नाही. उभ्या चढणीवर, खांद्यावर भार असताना, तोच क्षण घात करतो. मुंगी घाटात यावर उपाय आहे तो मानवी साखळीचा. भाविक घाटात खालपासून वरपर्यंत जागा धरून उभे राहतात, एकमेकांचे हात घट्ट पकडतात आणि कावड हातोहात वर सरकवली जाते. स्लॅब टाकताना घमेली जशी रांगेतून वर जातात, माणसं मात्र आपापल्या जागी पाय रोवून उभी असतात, तसंच हे. चढतो तो भार. त्यामुळे कावडीखाली एका पायावर उभं राहण्याची वेळ फारशी कुणावर येत नाही.

यात ताकदीचा हिशेबही आहे. समजा, १०० किलोचा भार ४५ अंशांच्या उतारावर आहे. घर्षण सोडलं तर तो खाली घसरू नये म्हणून सुमारे ७० किलो वजनाएवढा जोर उताराच्या दिशेने लावावा लागतो. एका माणसाला हे अशक्यप्राय. पण दहा जणांनी मिळून लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला सात किलो येतात, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या बादलीएवढा जोर. वरच्यांनी ओढायचं, खालच्यांनी रेटायचं, मधल्यांनी तोल धरायचा.

पण या भागाकाराला एक अट आहे. दहाही जणांनी एकाच क्षणी जोर लावला पाहिजे. तिघं आत्ता, चौघं मागाहून, असं झालं तर भार तसूभरही हलत नाही आणि माणसं मात्र दमतात. इथे ‘हर हर महादेव’चा गजर आणि ‘म्हाद्या, धाव’ अशी हाक कामाला येते. ती भक्ती तर आहेच, पण सगळ्या हातांना एकाच क्षणी जोर लावायला लावणारी खूणही आहे. देवाला अरे-तुरे करत, लाडाने नावं ठेवत हाक मारण्याची इथली रीत प्रसिद्ध आहे. त्या हाकेच्या ठेक्यावर कावड हातभर वर सरकते, थांबते, पुन्हा सरकते.

मान कशासाठी?

बाहेरून पाहणाऱ्याला ‘मान’ हा शब्द पोकळ बडेजावाचा वाटू शकतो. कोणती कावड आधी, कुणाकडे ध्वज, कुणाकडे हळद, हे सगळं ठरलेलं असतं. पण एका अरुंद घाटातून अनेक गावांच्या कावडी न्यायच्या असतील तर आधी कोण आणि मागून कोण, हे दरवर्षी नव्याने ठरवणं म्हणजे दरवर्षी भांडण. मानाने तो प्रश्न कायमचा मिटवला. शिवाय ज्या घराकडे मान, त्या घरात ते कसबही पिढ्यान्‌पिढ्या राहतं. कावड कशी बांधायची, कुठल्या वळणावर कशी फिरवायची, हे लेकरं बापाचं पाहून शिकतात.

ग्वाटेमालातल्या चिचिकास्तेनांगो या सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या माया गावात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे २१ डिसेंबरला संत थॉमसचा मोठा उत्सव असतो. उत्सवाचा भार भक्तमंडळं उचलतात, त्यांना कोफ्रादिया म्हणतात. मूर्तीची सेवा आणि खर्च यांची जबाबदारी ठरावीक मुदतीने एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पाळीपाळीने जबाबदारी फिरवली की खर्च वाटला जातो. घराण्याकडे मान ठेवला की कसब टिकतं. दोन्ही रीतींमागे शहाणपण आहे.

गर्दीचं शास्त्र

जे बळ कावड वर चढवतं, तेच आवरलं नाही तर जिवावर उठतं. सातारा जिल्ह्याला हे फार महाग पडून कळलं. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत डोंगरावरच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३०० च्या आसपास भाविकांचा बळी गेला.

गर्दीत माणसं बहुतेकदा पायदळी तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतात. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असतील तर प्रत्येकाला स्वतःच्या मनाप्रमाणे पाऊल टाकता येतं. हाच आकडा सहा-सातच्या वर गेला की कुणाचंच पाऊल स्वतःचं राहत नाही. मागच्याने दिलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि वाढत जातो. उतार असेल तर त्या लाटेला वजनाचीही जोड मिळते. मागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तो रेटतच राहतो.

मुंगी घाटातली साखळी आणि बेशिस्त गर्दी यांत फरक आहे तो एवढाच: साखळीतल्या प्रत्येकाला आपली जागा आणि काम ठाऊक असतं.

खालचं पाणी वर

कावडीच्या रीतीत एक भौगोलिक गंमतही दडली आहे. कऱ्हा नदी पुढे नीरेला मिळते. शिंगणापूर डोंगराच्या उत्तर उतारावरचं पाणीही नीरेकडेच जातं. म्हणजे जे पाणी एरवी डोंगराच्या पायथ्याच्या नदीत जाऊन मिळालं असतं, तेच भाविक खांद्यावर घेऊन माथ्यावर आणतात.

खालचं पाणी वर नेण्याची ही इच्छा माणदेशाच्या पुढच्या इतिहासातही दिसते. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरल्या. लोकांनी कृष्णेच्या पाण्यातला आपला वाटा मागितला. आज टेंभू योजनेतून कराडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी आटपाडीच्या बाजूला पोचतं आणि जिहे-कठापूर योजना माण-खटावसाठी आहे. हे पाणीही एका दमात वर जात नाही. एका टप्प्यावर पंपाने चढवायचं, साठवायचं, मग पुढच्या टप्प्यावर चढवायचं. मोठी चढण छोट्या टप्प्यांत वाटून घ्यायची, हेच तत्त्व मुंगी घाटातले भाविक फार आधीपासून हातांनी राबवत आले आहेत.

थोडक्यात

- सह्याद्री ओलांडून उतरणारी हवा तापते आणि ढग विरतात, म्हणून माणदेश कोरडा.
- डोंगरमाथ्यावर घट्ट बेसाल्ट, पातळ मुरूम आणि वरून पाणी देणारा उतार नाही, म्हणून पडलेला पाऊसही टिकत नाही.
- शाळूची सुगी संपलेली, रात्री चांदण्याच्या, म्हणून यात्रा चैत्राच्या शुद्ध पक्षात. अधिक मासामुळे ती त्याच ऋतूत राहते.
- मानवी साखळीत माणसं पाय रोवून राहतात आणि भार सरकतो. एका ठेक्यात लावलेला जोर सगळ्यांत वाटला जातो.
- मानाची परंपरा क्रम ठरवते आणि कसब टिकवते.

जाणाऱ्यांसाठी

शिंगणापूरला साताऱ्याहून दहिवडीमार्गे जाता येतं, सांगलीहून विटा-मायणी-दहिवडीमार्गे आणि फलटणहूनही. यात्रेत जाणार असाल तर द्वादशीला घाट पाहायला दुपारीच पोचा, पण कावडीच्या वाटेत उभे राहू नका. साखळीत हात द्यायचा असेल तर जाणत्या माणसाला विचारून द्या आणि तो सांगेल तिथेच उभे राहा. प्यायचं पाणी सोबत न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. तलावात निर्माल्य किंवा प्लास्टिक टाकू नका. ज्या डोंगरावर लोक शंभर किलोमीटर चालून दोन रांजण पाणी आणतात, तिथलं एक भांडं पाणीही वाया घालवण्याचा हक्क आपल्यापैकी कुणालाच नाही.